चपलांची राखण

प्रिय सुमेधा,
सप्रेम जय भीम.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी लगेच हेडमास्तर होतो, हे तुझ्या आईचं मत, आणि तिच्या मतावर आपल्या घरात अपील नसतं. शिवाय तुझ्याजवळ एक कबुली द्यायचीय. ती फोनवर जमणार नाही.

आधी शाळेची बातमी. जूनपासून आमची अख्खी शाळा पळते. अख्खी म्हणजे पहिली ते सातवीची एकशे त्रेचाळीस पोरं, पाच शिक्षक, खिचडी शिजवणाऱ्या उषाबाई आणि गुडघे बोलत असले तरी मी. परिपाठ झाला की अर्धा तास कोणी बसायचं नाही. लंगडी, दोरीवरच्या उड्या, मैदानाच्या फेऱ्या, ज्याला जे झेपेल ते. पहिला-दुसरा नंबर काढायचा नाही. उषाबाई आधी कुरकुरल्या, "गुरुजी, मी पहाटपासून राबून राह्यले, मला अन् कशाला पळवता?" आता दोरीवर त्यांना कोणी हरवून दाखवावं. फाटकासमोरच्या हरिओमच्या दुकानातून तेलकट पुड्या गेल्या, फुटाणे आणि शेंगदाण्याचे लाडू आले. पंधरा दिवस त्यानं माझ्याशी अबोला धरला होता, आता लाडू पुरत नाहीत म्हणून तक्रार करतो. परसबागेतली मेथी खिचडीत पडते. धावड्याच्या शाळेतले दोन गुरुजी येऊन सगळं बघून गेले. मी मोठेपणा सांगत नाही, पण सांगितला तरी चालेल इतकं काम झालंय.

पहिल्याच दिवशी मात्र एक गोष्ट घडली. पोरं पळताना चपला काढून लिंबाखाली ठेवतात आणि कुत्री त्या पळवतात म्हणून एकाला राखणीला बसवतात, हे तुला मी काय सांगावं. मी शिट्टी मारली, सगळे पळाले, आणि चौथीतली प्रियदर्शनी, अंगानं जरा जाड, आपली आपणच चपलांपाशी जाऊन बसली. मी म्हणालो, तू पण पळ की. तर म्हणते, "मंग चपला कोन राखंल, गुरुजी? दर साली मलाच बसवता न्हाई का?"

तूही पाच वर्षं तिथंच बसलीस. तालुक्याच्या स्पर्धेची ढाल आणायची म्हणून मी निवडक पोरं पळवायचो आणि स्वतःच्या लेकीला राखणीला बसवायचो. ढाल तीनदा आली. तिसरीत असताना एकदा तू चपला काढून रांगेत उभी राहिली होतीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, तू बस गं, तुला धाप लागते. तू निळ्या पट्ट्यांच्या त्या चपला परत पायात घातल्यास आणि लिंबाखाली जाऊन बसलीस.

प्रियदर्शनीचं ऐकल्यावर मी काय केलं, तर सगळ्या चपला पहिलीच्या वर्गात ठेवल्या आणि दाराला कडी लावली. झालं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हे सुचलं नाही, असं मी लोकांना हसत सांगतो. तुला खरं सांगतो. चपलांना राखण कधी लागतच नव्हती. गुरुजींची पोरगी सगळ्यांच्या मागून पळताना गावानं बघू नये, एवढंच मला हवं होतं. त्याची मला फार लाज वाटते.

गेल्या आठवड्यात आपल्या जावईबापूंचा, भारतरावांचा फोन आला. तुला शुगर निघालीय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि तू म्हणालीस म्हणे, आपल्याला कुठलं जमतंय, आपण तर लहानपणापासून चपला राखणारे. ते हसत सांगत होते. मला हसता आलं नाही. सुमे, येत्या रविवारी ये. मैदान रिकामं असतं. मी काही शिकवणार नाही, शिट्टी घरीच ठेवीन. धाप लागली तर थांबू, आता मलाही लागते. तुझ्या चपला वर्गात ठेव. कडी मी लावतो.

मैदानावर वाट बघणारा,
तुझाच,
बाबा