गप्प बसण्याचा तास

आई, तुला हसू येईल, पण आमच्या शाळेत आता गप्प बसण्याचाही तास असतो. माइंडफुलनेस म्हणतात त्याला. दिल्लीहून एक बाई येऊन आम्हा शिक्षिकांना शिकवून गेल्या: छोट्यांना डोळे मिटायला लावा, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगा. मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर आमच्या घरी रोज चालायचं! अजून डोळ्यांपुढे आहे: तिन्हीसांजेला दिवा लावून तू मला शेजारी बसवतेस, "डोळे मीट आणि नुसतं ऐक" म्हणतेस. मी एका डोळ्याने बघत असते, तुझी टपली बसते. "काय ऐकलंस?" मी सांगते, दूध उतू जातंय. तू धावत सुटतेस आणि मग आपण दोघी पोट धरून हसतो.

माझ्या वर्गातली पोरं म्हणजे नुसती माकडं. "आँखें बंद, साँस पर ध्यान" म्हणून म्हणून माझा घसा बसला. एक म्हणतो, "मैडम जी, हमाओ पेट बोल रओ," पोट गुरगुरतंय म्हणे, की सगळा वर्ग खिदळतो. एक दिवस माझं डोकंच फिरलं. ओरडायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "डोळे मिटा रे बाळांनो, नुसतं ऐका." चक्क मराठीत! आणि काय सांगू, सगळ्यांनी मिटले. एकालाही अक्षर कळलं नसेल. आवाज हुबेहूब तुझा होता गं.

संध्याकाळी लेकीला दिव्यापाशी बसवून तेच म्हटलं. "मम्मा, हिंदी में बोलो ना," म्हणाली आणि उठून गेली. समजतं तिला सगळं, बोलायला लाजते. तिच्या बाबांना तर मराठी येतच नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, या झाशीत माझ्याशी मराठीत भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही. फार एकटं वाटतं आई.

हे पत्र टाकू तरी कुठल्या पत्त्यावर? राहू दे माझ्याचपाशी. मुख्याध्यापिका विचारत होत्या, तुमचा वर्ग एवढा शांत कसा? म्हटलं, सवय झाली मुलांना. खरं सांगू? मी आता रोजच मराठीत बोलते. श्वासबीस काही नाही, जवळच्या बरुआसागरहून येतं ते आलं महागलं, लेकीला खोकला झालाय, असलंच काहीबाही. पोरं बिचारी डोळे मिटून बसतात. त्यांचा त्यात काय फायदा, मला ठाऊक नाही. तेवढा वेळ माझं ऐकणारं कोणीतरी असतं.