चारऐवजी आठ इंच

मी, गल्लीत टेपबाई म्हणून ओळखली जाणारी शिंपीण, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर ठेवून आणि कुणाच्याही धाकात न येता माझ्यामागची ही व्यवस्था लिहीत आहे. डोकं तपासायला डॉक्टरांनी मला बेरजा घातल्या. मी त्यांना नुसतं बघून त्यांच्या कमरेचं माप सांगितलं. त्यांची खात्री पटली.

१. दुकान व मागची खोली मुलाला. तो ती भाड्याने देईल, हे ठाऊक आहे. देऊ दे. त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, पण माझ्या आजारपणात त्याने सगळं केलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी भरून पावले.

२. मशीन सुनेला. तेल घालताना हात आखडू नये.

३. हे कलम देण्याचं नाही, कबुलीचं आहे. पूर्ण घेराच्या स्कर्टसाठी कंबर सव्वासहाने भागायची. पंचवीस कमरेला चार इंच येतात. चौपदरी घडीच्या कोपऱ्यापासून तेवढ्यावर गोलाई कापायची. शाळेच्या नाचाचे बारा स्कर्ट कापताना मी घाईत सव्वासहाच्या निम्म्याने भागलं आणि आठ इंचांवर कात्री चालवली. एकेका स्कर्टात दोन-दोन मुली मावू लागल्या. कापड शाळेचं. मी डोक्याला हात लावून रडत बसले.

थोरल्या जाऊबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या. "रडतेस काय? प्रत्येकाचे दोन भाग कर. अर्ध्या घेराला हीच गोलाई बरोबर बसते."

बसली. बाराचे चोवीस झाले. मुख्याध्यापिका खूश होऊन म्हणाल्या, "ही युक्ती कुणाची?" मी म्हटलं, "माझी."

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्यानंतर नऊ वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या स्कर्टांनी दुकानाचं नाव झालं. युक्ती त्यांची होती, खोटं माझं. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही, फक्त कबूल करायला जीभ उचलली नाही.

~~४. मोठी कात्री थोरल्या जाऊबाईंना, कृतज्ञतेने.~~

खुलासा : कलम तीन खरं उतरलंय का, हे पाहायला मी कागद मुलाहाती वर पाठवला. मृत्युपत्र करायला आलेले वकील इथेच बसले होते, तोच कागदापाठोपाठ जाऊबाईच आल्या.

"साक्षीला कोण कोण?" त्यांनी वकिलांना विचारलं.

"डॉक्टर आहेत, अजून एक हवं. पण ज्याला काही मिळणार, त्याची साक्ष नको."

"मग कात्री खोडा. सही मी करणार."

म्हणून कलम चार रद्द. कात्री सुनेला.

ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : सोळा नोव्हेंबर, सकाळी

सही : टेपबाई

साक्षीदार १ : डॉक्टर. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर आहे. माझं माप बरोबर सांगितलं.

साक्षीदार २ : थोरली जाऊ. कलम तीन वाचलं, खरं आहे. पण चोवीसही कमरपट्ट्या हिने एकटीने एका दिवसात बसवल्या. ते लिहायचं हिने सोडलं, म्हणून मी लिहिते.