पाहुण्याच्या ताटातली भाकर

माय,

तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज ऑफिसात सगळ्यांसमोर तुझी गोष्ट सांगून आले. घराघरांतली गरिबी मोजायची, हे माझं काम. अकोला-अमरावतीच्या गावांत प्रश्न विचारत फिरणाऱ्या पोरींना मी शिकवते. "गरिबी मोजाचा पगार भेटते तुले?" म्हणून तू पोट धरून हसली असतीस.

आपल्या अकोटच्या घरी सर्वेवाला आला होता, तो दिवस आठवतो? दुसऱ्याच्या मळ्यात मजुरीनं मेथीच्या जुड्या बांधून तू नुकतीच आलेली, चुलीवर तवा. तो दारातूनच विचारायला लागतो आणि तू त्याला बोलूच देत नाहीस. "पयले जेवा, मंग लिवा. जेवाच्या टायमाले आलेल्या मानसाले उपाशी धाडू का मी?" तो लाजत बसतो. गरम भाकर, वांग्याची भाजी, वर शेजारणीकडून मागून आणलेलं दही. बिचारा खरंच भुकेला असावा, दोन भाकरी हाणल्या त्यानं. मग हात पुसून जे दिसलं तेच लिहिलं: दोन्ही वेळा पोटभर जेवण, घरात दूध-दही. त्याच्या ताटात गेली ती तुझी भाकर होती, हे त्याला कोण सांगणार! तू पाणी पिऊन पुन्हा मळ्यात गेलीस. त्याच्या त्या लिहिण्यावरून पुढे गरिबांची यादी झाली आणि स्वस्त धान्य शेजारणीला मिळालं, आपल्याला नाही. मी थयथयाट केला. तू तवा घासत म्हणालीस, "काहून रडून राहिली? आपल्या घरी तो पोटभर जेवला, हे काई खोटं नाई."

तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. आज अभिमान वाटतो, आणि खरं सांगू, रागही थोडा शिल्लक आहेच. त्या धान्याविना तू आम्हा भावंडांना वाढवलंस, शिकवलंस. कसं, ते तुझ्या कंबरेलाच ठाऊक.

म्हणून तर आमच्या प्रश्नांत मी एक हट्टानं घातलाय. घरातल्या बाईला एकटीला गाठून विचारायचं: काल सगळ्यांची जेवणं झाल्यावर तुम्ही काय खाल्लं? वेळ फार जातो म्हणून साहेब तो काढायला निघाले होते. तो गेला असता तर तुझ्यासारख्या बायांची घरं पुन्हा खाऊनपिऊन सुखी ठरली असती. आज मी उभी राहिले आणि तुझी भाकर सांगितली. आवाज जरा चढलाच माझा, तुझ्यासारखा. साहेब म्हणाले, "बरं, राहू द्या. पण थोडक्यात विचारा."

हा कागद धाडणार कुठे? घडी करून ठेवते. फक्त एक कबूल करायचंय. माझा प्रश्न घेऊन एखादी पोरगी तुझ्या चुलीपाशी आली असती, तर तू पदर सावरत म्हणाली असतीस, "झालं न बाई माह्यं जेवन, तू बस, भाकर टाकतो." माझा प्रश्न तिथंच फसला असता. आणि माय, मला तेच आवडलं असतं.