पांढऱ्या पट्टीखालचा पुठ्ठा

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

तुझी जुनी गिटार शिकताना मी बार कॉर्डपाशी अडले होते. एकच बोट आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या. महिनाभर बोट सुजलं, पण आवाज रिकाम्या डब्यासारखाच.

आज गिटार दुकानात नेली. दुरुस्तीवाल्याने तारा सैल करून, त्या जिच्यावर टेकतात ती टोकाची पांढरी पट्टी उचकटली, तर खाली घडी घातलेला पुठ्ठा!

"याने तारा केवढ्या उचलल्यात! इथे पैलवानाचंही बोट हरेल," तो म्हणाला.

तो माझ्या पाढ्यांच्या वहीचा पुठ्ठा होता. लहानपणी माझ्या हातून गिटार पडली, पट्टी निघाली. तुला कळू नये म्हणून मीच खाली पुठ्ठा घालून ती चिकटवली आणि साफ विसरले. वर तुलाच "बोटात जीव नाही" म्हणून चिडवत राहिले, तू गिटार सोडेपर्यंत.

पुठ्ठा काढल्यावर कॉर्ड पहिल्याच फटक्यात खणखणीत वाजला. मला दुकानातच रडू फुटलं.

वहिनीची कंबर कशी आहे? गिटार पाठवते आहे. आधी वाजव, मग हवं तेवढं रागाव. तुझ्या बोटांत जीव होता, दादा.

तुझी चोरटी
धाकटी