साहेबांच्या शेजारचा माणूस

नांदेड, ९ जानेवारी १९४९

चि. दिगंबरास कुसुमताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे लष्करी साहेब कसे आहेत? तुझी सुमन लिहिते, त्यांच्या फोटोंपायी घरात देवाला जागा उरली नाही! पण आज तुझ्या त्या फोटो जमवण्याच्या वेडाशीच काम आहे.

आमची कामवाली गंगू पूर्वी तुमच्या हैदराबादेत एका रिसालदारांच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, कामाला होती. तिचा नवरा त्यांचा मोतद्दार, घोडे सांभाळायचा. पहिल्या महायुद्धात घोड्यांबरोबर इजिप्तला गेला, तो परतलाच नाही. तिथून आलेल्या एका फोटोत रिसालदारसाहेबांच्या शेजारी तो घोड्याचा लगाम धरून उभा आहे. फोटो देवडीच्या जनान्यात लावलेला, म्हणून गंगूला दिसायचा. मुलगा लक्ष्मण आजोळी वाढला. मोठेपणी आला तेव्हा त्याला आत कोण सोडणार? त्यानं बापाचं तोंड पाहिलेलं नाही.

पोलीस ॲक्शननंतर ती मंडळी कराचीला गेली, सामान, त्या फोटोसकट, तू फोटो घेतोस त्या बेगम बाजारात विकलं गेलं. फोटोत पांढऱ्या पायांचा घोडा आहे. तुझ्याकडे असेल तर पाठव रे. मी तिला जवळजवळ कबूल करून बसले आहे.

तुझी ताई

नारायणगुडा, १४ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

फोटो माझ्याकडे आहे. म्हणजे होता.

माझ्या आल्बमात एका पानावर एकच साहेब, सगळे एका मापाचे. बाजूचे नोकरचाकर मी कापून टाकतो. तो तुकडा बंबात गेला. कात्री चालवताना मनात काहीसुद्धा आलं नाही गं. स्वतःचीच लाज वाटते. उरलेला फोटो पाठवतो आहे. लगामावर त्याची मूठ तेवढी राहिली आहे.

गंगूला काय सांगशील?

अपराधी दिगंबर

नांदेड, २० जानेवारी

चि. दिगंबरास आशीर्वाद.

खरं तेच सांगितलं. गंगू रडली नाही. मूठ त्याचीच, एवढंच म्हणाली. लक्ष्मणनं मात्र विचारलं, कापण्याआधी दिगंबरदादांनी माझा बाप पाहिला असेलच ना? आई म्हणते मी त्याच्यासारखा दिसतो, पण आई म्हणणारच. परक्या माणसानं सांगावं.

पुढच्या आठवड्यात, तीस तारखेच्या रविवारी, तो तुझ्याकडे येतो आहे. त्याला जेवू घाल, आणि नीट बघून सांग. तुझ्यावर रागावले आहे, तरी माया आहेच.

ताई

नारायणगुडा, ३१ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

लक्ष्मण काल येऊन गेला. सुमननं आग्रह करून जेवू घातलं. मग टोपी काढून तो खिडकीच्या उजेडात उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं मी निरखून पाहिलं. शेवटी म्हणालो, "हुबेहूब."

त्याचे डोळे भरून आले. वाकून माझ्या पाया पडला. घरी जाऊन आईला सांगतो म्हणाला.

आता लिहितो ते मात्र गंगूला कळू देऊ नकोस. ताई, त्या मोतद्दाराकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तुझ्या मायेला न शोभणारा,
दिगंबर