दोन फुटांचा नियम

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस आणि माझा राग तोंडातल्या तोंडात राहतो. म्हणून लिहिते आहे. कागद तुझ्याच शाळेच्या वहीतले आहेत, एका बाजूने कोरे. पाठीमागे तुझी भूमिती दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

परवा सकाळी तुमच्या वनखात्याचा माणूस रोपं बघायला आला. माझी पूजा व्हायची होती, तरी दिवा लावून तशीच बाहेर आले. तीन वर्षं याच दिवसाची वाट पाहत होतो आम्ही. तुला ठाऊकच आहे, आमच्या गल्लीतली चाळीस घरं, शाळा आणि तुमचं खातं, तिघांनी मिळून ठरवलं होतं. दगडाच्या खाणीने टेकडी सोलून काढली, तिच्यावर पुन्हा तिचीच झाडं आणायची. उरलेल्या चार झाडांखालून बिया आम्ही वेचायच्या, रोपं घरी वाढवायची, आणि खात्याने कुंपण घालून ती वर लावायची. दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली भोकं पाडून आम्ही सहाशे बारा रोपं केली. कुठल्या झाडाचं बी, कधी पेरलं, कधी उगवलं, सगळं माझ्या वहीत आहे. रोज सकाळी देवाचं नाव घेत पाणी घालते. एक ओळ झाली की एक माळ होते.

तर या माणसाने ना रामराम केला, ना पाणी घेतलं. खिशातून टेप काढली आणि मोजायला लागला. दोन फुटांखालचं रोप नापास! सहाशे बारांपैकी एकोणीस पास झाली, आणि त्यातली सात शिंपीणकाकूंच्या पिशव्यांत आपोआप उगवलेली पपई होती. पपई पास, टेकडीचं झाड नापास. मला म्हणतो, आजी, तुमची रोपं खुरटलीत, पाणी नीट घातलेलं दिसत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिंपीणकाकूंनी तर तोंडावर विचारलं, साहेब, रोपं बघायला आलात की पडद्याचं कापड मोजायला?

वर सांगतो की चिंता करू नका, सोमवारी ट्रक येतोय, त्यात पुरुषभर उंचीची तयार झाडं आहेत. ती मी खात्याच्या कचेरीबाहेर पाहिली आहेत. कुठल्या परक्या मुलखातली कोण जाणे, शेळी त्यांच्या पानाला तोंड लावत नाही. फोटोत छान दिसतील आणि उन्हाळ्यात वाळतील. आमच्या रोपांचं काय, विचारलं, तर म्हणाला, विल्हेवाट लावा.

बाकी चूक मीही केली होती, ती लपवत नाही. पहिल्या वर्षी तीन महिने पिशव्यांत काहीच दिसेना, तेव्हा बी नासलं समजून मी चाळीस पिशव्या उकिरड्यावर उलट्या केल्या. टेकडीवर शेळ्या चारणारी म्हातारी तिथून चालली होती. ती अशी ओरडली माझ्यावर की तुझे वडीलही कधी ओरडले नसतील. मातीचा गोळा फोडून तिने दाखवलं. वर काही नाही, आणि खाली वीतभर मूळ. म्हणाली, हे झाड आधी खाली जातं गं बाई, पाणी सापडलं की मग वर बघतं. तेव्हापासून मी उंची बघायची सोडून दिली.

म्हणून परवा त्या टेपवाल्यासमोर ओसरीवर बसले आणि एक पिशवी ब्लेडने चिरली. रोप चार बोटं. मूळ मात्र तळाशी वेटोळं घालून बसलेलं. हलक्या हाताने सोडवलं आणि म्हटलं, लाव तुझी टेप इथे. सव्वातीन फूट भरलं! ते रोप त्यात गेलं, त्याची देवाकडे माफी मागितली. माणूस ओशाळला, पण म्हणाला काय, आजी, फॉर्ममध्ये मुळाचा रकाना नाही.

या हंगामात ती जमिनीत गेली नाहीत तर मुळं गुंडाळून गुंडाळून मरतील. पुढच्या वर्षी पुन्हा बघू असं हे काम नाही.

तो गेल्यावर घरात आले आणि नजर गेली स्वयंपाकघराच्या चौकटीवर, तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणांवर. आठवतं? शाळेच्या पळण्याच्या संघातून बाईंनी तुला काढलं होतं, कारण भिंतीवरच्या रेघेपर्यंत तुझं डोकं पोचत नव्हतं. तू दोन दिवस जेवली नाहीस. मी पदर खोचून शाळेत गेले आणि म्हटलं, पोरीला पळवून तर बघा, मग मोजा. त्यांनी पळवलं. दुसरी आलीस.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. हा नियम कुणी केला म्हणून मी त्या माणसाकडे कागद मागितला. खाली सही होती. लहानपणी माझ्या हिशेबाच्या वहीवर पानंच्या पानं जिचा सराव केलास, तीच, शेवटी खाली वळसा घेणारी. मी कुणाला बोलले नाही. शिंपीणकाकूंनी विचारलं कोण हा दीडशहाणा, तर चष्मा नाही म्हणाले. तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि चष्मा नाकावरच होता. रविवारी सूर्य उगवताना आम्ही चाळीस घरं टेकडी चढणार आहोत आणि तुमच्याच खात्याने खणून ठेवलेल्या खड्ड्यांत आमची रोपं लावणार आहोत. सोमवारी तक्रार तुझ्या टेबलावर येईल, त्यात पहिलं नाव माझं असेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून कळवलं. आई आहे म्हणून सूट देऊ नकोस, मला ती नको आहे. फक्त शनिवारी ये. एक पिशवी न चिरता बाजूला ठेवली आहे. ती तुझ्या हाताने उघड, आणि मग काय सही करायची ती कर.

तुझीच, अजून तशीच पदर खोचलेली,
आई