ऊर्मिलेची सुनावणी

लालबाग,
९ जानेवारी २०२५

ती. हेरंबदादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार मनापासून आहे, पुढचं सगळं संतापून. फोनच केला असता, पण तुला ऐकू जाईपर्यंत गिरगावात तुझ्या चाळीचे दोन मजले आमच्या शाळेची अब्रू ऐकतात.

आमच्या ऊर्मिलेला नोटीस आली आहे. आठवतंय ना, गेल्या वर्षी सातवीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी खोक्यात बल्ब लावून राजहंसाचं अंडं उबवलं होतं? प्रयोगाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, म्हणून मुलं पिल्लाचं नाव उत्तेजना ठेवायला निघाली. मी घाईघाईने ऊर्मिला ठेवलं. तेव्हापासून ती पटांगणात असते आणि आमचा शिपाई दगडू तिचं सगळं करतो. आता कुणा जागरूक नागरिकाने, नाव गुप्त ठेवायच्या अटीवर, तिच्याविरुद्ध तक्रार केली आहे.

काल शालेय परिसर प्राणी कक्षातून हितेंद्र नावाचा तरुण अधिकारी आला. त्यांच्या परिपत्रकात कुत्रा, मांजर आणि काचेच्या पेटीतले मासे एवढेच सामान्य. बाकी सारी सृष्टी असामान्य. असामान्य प्राण्याच्या अर्जाला त्याचा समोरून काढलेला फोटो लागतो, दोन्ही कान दिसतील असा. तीस वर्षं विज्ञान शिकवूनही मला ऊर्मिलेचे कान त्याला दाखवता आले नाहीत. मुसकं घालता का, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, प्रयोगशाळेत घुशी आहेत त्यांचं काय? तर म्हणे, त्या पाळलेल्या नाहीत, म्हणून नियमात बसत नाहीत. घुशींना हे कुणीतरी आधीच कळवलेलं दिसतं.

महिन्याभरात परवानगी नाही मिळाली तर ऊर्मिला जप्त. चौतीस वर्षं तू पालिकेत हेडक्लार्क होतास. या लोकांना कुठून धरायचं ते सांग. वहिनीला नमस्कार. माया आहेच, पण या खेपेला तिच्यापेक्षा उत्तराची घाई आहे.

तुझी,
लतिका


गिरगाव,
१३ जानेवारी

चि. लतिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यातला उपहास वजा केला तर मजकूर चार ओळींचा उरतो.

नियम कुणाच्या थट्टेसाठी केलेले नसतात. शाळा ही शाळा आहे, राणीची बाग नव्हे. डिसेंबरात स्नेहसंमेलनाला तू मला पाहुणा म्हणून बोलावलंस, तेव्हाच हे माझ्या मनात आलं होतं; तुझा विरस नको म्हणून बोललो नाही. कानांच्या रकान्यात 'लागू नाही' लिहावं, मुसक्याच्या रकान्यातही तेच. मात्र असे अर्ज बहुधा फेटाळले जातात, हे अनुभवाने सांगतो. त्यापेक्षा माहीमला खाडीकडे कुणी घेत असेल तर पक्षी देऊन टाक. मुलं चार दिवस रडतील आणि विसरतील. आपलं मांजर गेलं तेव्हा तूही विसरली होतीस.

वहिनी तिळगूळ पाठवते आहे. खाल्ल्यावर तरी तुझं बोलणं गोड होतं का बघ.

तुझं भलंच चिंतणारा,
हेरंब


लालबाग,
२१ जानेवारी

ती. दादास,
नमस्कार. साष्टांग घालायची आज इच्छा नाही.

संस्थेने दगडूला मेमो दिला. तक्रारीत लिहिलं आहे की शिपाई शाळेच्या आवारात कोंबडीपालनाचा जोडधंदा करतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेला माणूस, चौकशी होईपर्यंत घरी. घर म्हणजे आमच्या जिन्याखालची खोली. तीही सोडायला सांगितली. त्याने किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला, ऊर्मिलेला कोबी बारीक चिरून लागतो एवढं सांगितलं, आणि बायकोला, कमलला घेऊन वरळीला भाच्याकडे गेला.

मी हितेंद्रकडे जाऊन बसले. नाव झाकून त्याने तक्रार वाचून दाखवली. सदर जलचराने एका प्रतिष्ठित व वयोवृद्ध पाहुण्याच्या पार्श्वभागास गंभीर चावा घेतला, सबब कारवाई व्हावी. जलचर! आमच्या पटांगणात हात धुवायला पाणी नाही. आणि दादा, सबब हा शब्द आता मुंबईत एकच माणूस लिहितो. ऊर्मिला आजवर चावली आहे तीही एकालाच. त्या दिवशी स्नेहसंमेलनात सगळी शाळा हसली, मीही हसले. ते चुकलंच माझं. पण दगडू हसला नव्हता. तो तुझ्यासाठी बर्फ आणायला धावला होता.

आणि हो, मांजर मी विसरलेली नाही.

सुनावणी एकतीस तारखेला आहे. आलास की नाही, त्यावरून मला काय कळायचं ते कळेल.

लतिका


गिरगाव,
२ फेब्रुवारी

चि. लतिकास,
आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी देतो.

तक्रार माझीच. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी ती मागे घ्यायला गेलो होतो. चार खिडक्या फिरल्यावर कळलं, तक्रारदाराचं नाव गुप्त असल्यामुळे तो मीच आहे हे ते मान्य करू शकत नाहीत. चौतीस वर्षं मी खिडकीच्या आत बसलो. बाहेरून ती एवढी लहान दिसते, हे ठाऊक नव्हतं.

म्हणून सुनावणीत सगळ्यांसमोर बोलावं लागलं. पुढच्या रांगेतली खुर्ची गाठायच्या घाईत मीच आधी त्या पक्ष्याला बुटाने ढकललं होतं, हे सांगितलं. कोंबडीपालन ही माझी थाप, हेही सांगितलं. दगडूचं नाव मी लिहिलं नव्हतं, पण शिपाई म्हटल्यावर कोण हे न कळण्याइतका मी भाबडा नाही. लोक हसले. तू हसलीस का, ते बघायचं धैर्य झालं नाही.

संस्थेच्या कालिंदीबाईंनी मेमो तिथल्या तिथे मागे घेतला, खोलीही परत दिली, तेवढं बरं झालं. मग हितेंद्रच्या साहेबांनी नियम वाचला, की असामान्य प्राण्याजवळ शाळेच्या वेळेत एक जबाबदार पालक सतत हजर हवा, आणि तो शाळेचा नोकर नसावा. असा कोण आहे, असं त्यांनी विचारलं. माझा हात वर कसा गेला, मला अजून कळलेलं नाही.

सोमवारपासून येतो. मला खुर्ची नको, स्टूल चालेल.

तुझाच, रागावलीस तरी,
हेरंब


लालबाग,
१५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

रोज भेटतो, तरी लिहिते आहे. शाळेत तू पालक आणि मी मुख्याध्यापिका, त्यामुळे खरं बोलणं राहूनच जातं.

हे दोन आठवडे दगडू तुझ्याशी एक अक्षर बोलला नाही, ते मी पाहत होते. काल मधल्या सुट्टीनंतर तू त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिलास, तेही ऑफिसच्या दारातून पाहिलं. तू काय म्हणालास ते मला विचारायचं नाही. त्याचं उत्तर तेवढं ऐकलं. माफी मागितली ता बरा झाला, पण हंसाची घाण कोण काढतलो, असं म्हणून त्याने तुझ्या हातात खराटा दिला. सत्तरीला आलेला माझा भाऊ इस्त्रीच्या शर्टात सबंध पटांगण झाडत होता.

तुला झाडता येत नाही, दादा. कोपरे सगळे राहिले होते. तू घरी गेल्यावर दगडूने ते परत झाडून घेतले आणि मला बजावलं, सायबांका सांगू नको हां बाई.

मी सांगितलं. आता तूही त्याला कळू देऊ नकोस.

आजही तुझ्यावर थोडी चिडलेली,
लतिका